अस्थींचे देणे

मराठी माणूस आपल्या आईविषयी बोलू लागला की एक वाक्प्रचार हमखास येतो : तिने आमच्यासाठी हाडाची काडे केली. हे शब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांत खरोखरीची हाडे आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कष्ट पुष्कळ झाले, एवढाच अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो. परंतु भाषा जे अलंकार म्हणून बोलते, ते शरीर कधी कधी शब्दशः करून दाखवते. कोलकात्याच्या बऊबाजारात राहणाऱ्या एका मराठी बाईच्या बाबतीत तसे झाले. २०२४ च्या पावसाळ्यात जिन्याच्या ओल्या पायरीवर तिचा पाय घसरला, तोल सावरण्यासाठी तिने उजवा हात पुढे टेकला आणि मनगट मोडले. पडणे म्हणावे असे ते पडणेही नव्हते. लहान मूल दिवसातून दहा वेळा तसे पडते आणि उठून पळते. पण डॉक्टरांना शंका आली ती त्याच कारणाने. एवढ्याशा धक्क्याने जे मोडते ते हाड आधीच कोठेतरी रिकामे झालेले असते. त्यांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी करून घेतली. तिशीतल्या निरोगी स्त्रीच्या हाडांशी तुलना करून या तपासणीत एक आकडा निघतो. तो उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणावे, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घालून दिला. बाईचा आकडा उणे तीनच्याही खाली होता. तिचे वय सहासष्ट.

या विकाराला मराठीत अस्थिसुषिरता असे नाव आहे. सुषिर म्हणजे पोकळ, छिद्रे असलेले. बासरीला आपण सुषिर वाद्य म्हणतो तेच हे सुषिर. हाड ही काही एकदा घडून कायमची राहिलेली वस्तू नव्हे. त्यात जुना भाग पोखरणाऱ्या पेशी असतात आणि नवा भाग बांधणाऱ्याही असतात. दोहोंचे काम जन्मभर चालते, आणि साधारण दहा वर्षांत सारा सांगाडा नवा होतो. तिशीपर्यंत बांधकाम पुढे असते. पुढे पोखरणे पुढे जाते, आणि स्त्रीची पाळी थांबल्यावर पहिली काही वर्षे ते फार वेगाने चालते, कारण पोखरणाऱ्या पेशींना आवर घालणारे संप्रेरक तेव्हा ओसरलेले असते. दुसरीही एक गोष्ट आहे. शरीरातल्या शंभर भाग चुन्यापैकी नव्याण्णव भाग हाडांत असतो आणि एक भाग रक्तादिकांत. पण हृदय चालायचे, स्नायू आवळायचे, ते या एका भागाच्या जोरावर. तो कमी पडला की शरीर हाडांतून काढून घेते. हाड तक्रार करीत नाही, दुखत नाही, कळूही देत नाही. घरातली पुंजी निमूटपणे खर्ची घालणाऱ्या बाईसारखेच त्याचे वागणे असते, आणि मोडेपर्यंत त्याची कोणी विचारपूस करीत नाही.

या बाईच्या पुंजीचा हिशेब मांडू गेल्यास तो सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यापासून मांडावा लागेल. तो अवर्षणाचा मुलूख. मुलगी दहा वर्षांची झाली की डोक्यावर घागर येई. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडीची पाटी वाहायची, आणि घरी येऊन परदेशातून आलेल्या मिलोच्या तांबड्या भाकरी खायच्या. हाडे घडण्याच्या वयात ओझे भरपूर मिळाले, दूध मात्र क्वचित. १९७६ मध्ये लग्न होऊन ती कोलकात्याला आली. खानापूर-आटपाडी भागातली शेकडो कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, त्यांपैकीच तिचे सासर. बऊबाजारच्या सोनारगल्लीत खाली भट्टी, वर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. गल्ली इतकी अरुंद की माध्यान्हीचेही ऊन पहिल्या मजल्याच्या सज्जापर्यंत येऊन परत फिरे. ज्या देशात सूर्य वर्षभर तळपतो तेथे उन्हापासून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाची वाण असावी, याचे नवल करणाऱ्याने अशी एखादी गल्ली पाहावी. तीन बाळंतपणे, तीन मुलांचे अंगावरचे दूध, भट्टीवरच्या कारागिरांचा दोन वेळचा स्वयंपाक, आणि उन्हाशिवाय गेलेली अठ्ठेचाळीस वर्षे. देणे सतत चालू होते, जमा बाजू खानापूरच्या विहिरीवरच राहिली होती.

बऊबाजाराला पोकळपणाची ओळख आणखी एका प्रकाराने झालेली आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी एस्प्लनेडहून सियालदहकडे भुयारी मेट्रोचा बोगदा खणताना जमिनीखालचा पाण्याचा साठा फुटला, माती वाहून गेली आणि दुर्गा पितुरी लेनमधली जुनी घरे खचली. आदल्या दिवशीपर्यंत ती घरे नेहमीसारखी उभी होती. दारात तुळस होती, कठड्यावर कपडे वाळत होते. पायाखालचा आधार गेलेला कोणाला दिसत नव्हता. त्या दिवसांत शेजारणींना पिशवीत देवाचे टाक घेऊन हॉटेलच्या खोल्यांत राहायला जाताना बाईने पाहिले होते. डॉक्टरांनी तिच्या कण्याचे चित्र प्रकाशासमोर धरून एक मणका जरा चेपल्याचे दाखवले, तेव्हा तिला पहिल्यांदा आठवली ती ती घरे. गेल्या काही वर्षांत फडताळाची वरची फळी तिच्या हाताला का पुरत नव्हती, याचाही उलगडा तेव्हाच झाला.

त्यानंतर घरात जे सुरू झाले त्याला प्रेमाखेरीज दुसरे नाव देता येणार नाही. मुलाने जिना उतरण्याची बंदी केली. सुनेने हातातली कळशी काढून घेतली. “आत्या, तुम्ही नुसत्या बसा, काय लागेल ते मी देते,” असे ती दिवसातून चार वेळा म्हणे. बाई पलंगावर बसून राहू लागली. जन्मभर ज्या विश्रांतीसाठी जीव आसुसला होता ती आयती चालून आली होती, आणि दोन महिन्यांत तिच्या मांड्या सैल पडल्या, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागू लागला. खालच्या मजल्यावरच्या एका वृद्ध बंगाली विधवेचे उदाहरण सर्वांच्या समोर होते. न्हाणीघरात पडून तिचा खुबा मोडला, त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही आणि सात महिन्यांत गेली. पाश्चात्त्य देशांतील पाहण्याही हेच सांगतात : खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांतला एक वर्षभरात दगावतो. मुलगा हे उदाहरण देऊन म्हणे, “आई, म्हणूनच सांगतो, बसून राहा.” बाईने त्याच उदाहरणातून नेमका उलटा अर्थ काढला. ती विधवा पडली एकदाच, पण त्याआधी दोन वर्षे पडण्याच्या भीतीने ती बसून होती. बसल्यामुळे पाय गेले, आणि पाय गेल्यामुळे ती पडली.

या अर्थाला शास्त्राचा आधार आहे. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यवैद्याने १८९२ मध्ये असे मांडले, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतली रचना बदलत जाते. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. उलट अंतराळात, जेथे शरीराला वजनच उरत नाही, तेथे धडधाकट तरुण अंतराळवीरांचीही खुब्याची हाडे महिन्याला शेकडा एक ते दीड या वेगाने झिजतात. हाडाला जगायला अन्न लागते तसा भारही लागतो. त्याला सांभाळून ठेवावे म्हणून भारमुक्त केले की ते आपल्याला कोणी विचारीत नाही असे समजून स्वतःला आवरते घेते. माणसांच्या बाबतीतही, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत, हे किती खरे आहे ते ज्याच्या घरात म्हातारे माणूस आहे त्याने पाहावे.

गल्लीतल्या काही मराठी आणि बंगाली मंडळींनी त्या हिवाळ्यात एक बेत केला होता. जानेवारी २०२५ या महिन्यात ज्याने त्याने शंभर किलोमीटर चालायचे, प्रत्येक किलोमीटरला ओळखीच्यांकडून रुपया-दोन रुपये कबूल करून घ्यायचे, आणि जमलेल्या पैशांतून आसपासच्या गल्ल्यांत हाडे मोडून अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध बायकांना वॉकर आणि काठ्या घेऊन द्यायच्या. यादीत नाव घालायला आलेल्या पोराने बाईकडे आशीर्वाद मागितला. तिने नाव घालायला सांगितले. घरात दोन दिवस अबोला झाला. शेवटी डॉक्टरांकडे दाद मागण्यात आली. त्यांनी परवानगी दिली, पण अटी घालून. ऑक्टोबरपासून रोज थोडे थोडे वाढवीत जायचे. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, एका पायावर उभे राहायचे, हात न टेकता खुर्चीतून उठायचे. पुढे वाकून काही उचलायचे नाही. आठवड्याची गोळी सोमवारी अनोशा पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. जन्मभर सोमवार केलेल्या बाईला या व्रतात काही अवघड वाटले नाही. एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितली : “माशीमा, चालल्याने गेलेले हाड परत येईल असे समजू नका. औषधाने आणि व्यायामाने ते धरून ठेवता येईल. चालण्याने पाय आणि तोल सुधारतील, म्हणजे पडणे टळेल. मोठा लाभ तोच.”

चालण्यापेक्षा अवघड गेले ते मागणे. या बाईने आयुष्यात कोणापुढे हात पसरला नव्हता, दुष्काळातही नाही. पण मराठी बायकांच्या रीतीभातींत या संकोचावर एक जुना उतारा आहे. मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागतात. त्यात मागणारी खालची होत नाही आणि देणारी वरची होत नाही, कारण मागणे स्वतःसाठी नसते. तिने शुक्रवार धरला आणि वही घेऊन पाच घरी गेली. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तिळगूळ दिल्यावर तिने वाण लुटण्याऐवजी वहीच पुढे केली. कोणी किलोमीटरला रुपया लिहिला, कोणी दोन. एका बंगाली सोनाराच्या आईने पाच लिहून वर बजावले, की धावायचे नाही.

मार्ग ठरला तो एस्प्लनेडपासून. बंगाली माणूस या जागेला धर्मतला म्हणतो. एस्प्लनेड हा शब्द मूळचा किल्ल्याच्या परिभाषेतला आहे. किल्ल्याच्या तोफांना मारा करता यावा म्हणून समोर मोकळी सोडलेली जमीन, ती एस्प्लनेड. १७५७ नंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधताना जंगल तोडून ही जागा मोकळी केली, आणि त्या मोकळेपणाचेच पुढे कोलकात्याचे मैदान झाले. भारतातली पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी येथूनच सुटली, एस्प्लनेडपासून भवानीपूरपर्यंत, जे स्थानक आता नेताजी भवन म्हणून ओळखले जाते. अंतर ३.४ किलोमीटर. रोज तेवढे अंतर रस्त्यावरून चालायचे आणि भुयारातून गाडीने परत यायचे, अशा तीस फेऱ्या झाल्या की १०२ किलोमीटर होतात. हा हिशेब मुलानेच करून दिला. अबोला सुटला तो तेथे.

बाई सकाळी दहाला निघे, कारण कोवळ्या उन्हापेक्षा चढत्या उन्हात ड जीवनसत्त्व अधिक मिळते असे तिला कळले होते. एस्प्लनेड ही म्हाताऱ्या पायांसाठी सोपी जागा नव्हे. फेरीवाले पथाऱ्या मांडीत असतात, फरशा उखडलेल्या असतात, चौकात ट्रामचे रूळ असतात. विजेवर चालणारी कोलकात्याची पहिली ट्राम १९०२ मध्ये येथून खिदिरपूरला गेली, तेव्हापासून या चौकात रूळ आहेतच. बाई प्रत्येक पाऊल पाहून टाकी. पहिला आठवडाभर तिने कोलकाता पाहिलेच नाही, फक्त जमीन पाहिली. दुसऱ्या आठवड्यात केव्हातरी तिची मान वर झाली.

वर पाहिले की समोर शहीद मिनार. १८२८ मध्ये उभारलेला हा ४८ मीटर उंचीचा खांब १९६९ पर्यंत ऑक्टरलोनीचे स्मारक म्हणून ओळखला जाई, आणि ज्या कर्तबगारीसाठी तो उभा झाला तीत १८०४ मध्ये होळकरांच्या वेढ्यापासून दिल्ली राखल्याची गोष्ट आहे. बरोबर चालणाऱ्या निवृत्त बंगाली मास्तरांनी हे सांगितले, तेव्हा बाईने एकदा खालपासून वरपर्यंत खांब न्याहाळला आणि म्हणाली, “आमच्यावरच्या जयासाठी बांधला, आणि आम्हीच याच्या सावलीतून रोज चालतोय.” खांबाच्या सावलीपासून चौरंगीचा रस्ता दक्षिणेकडे जातो. डाव्या हाताला भारतीय संग्रहालय लागते. तेथल्या दालनांत प्रचंड प्राण्यांचे सांगाडे उभे आहेत. हत्तीच्या पायाचे हाड खांबासारखे का असते, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये सांगून ठेवले : प्राणी जितका मोठा तितके त्याचे हाड नुसते लांब होऊन भागत नाही, वजन पेलण्यासाठी त्याला प्रमाणाबाहेर जाड व्हावे लागते. पुढे उजव्या हाताला सेंट पॉल कॅथीड्रल. १८४७ मध्ये झालेल्या या इमारतीचा सुळका १८९७ च्या भूकंपात पडला, पुन्हा उभारला तो १९३४ च्या भूकंपात पडला. त्यानंतर बांधणाऱ्यांनी सुळक्याचा हट्ट सोडला आणि आखूड, चौकोनी मनोरा बांधला. उंची कमी झाली, पण तो मनोरा आजही उभा आहे. ज्यांचा कणा दोन इंच आखूड झाला आहे त्यांनी या मनोऱ्यापाशी क्षणभर थांबायला हरकत नाही.

संक्रांत जवळ आली तशी मैदानाच्या गंगेकडच्या अंगाला, बाबूघाटावर, गंगासागरच्या यात्रेकरूंची गर्दी झाली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान येथून आलेल्या म्हाताऱ्या डोक्यावर गाठोडी घेऊन एस्प्लनेडच्या चौकातून ताठ मानेने जात होत्या. एकीच्या गाठोड्यात शिधा, पातेले, घोंगडी, सारा संसार होता. पंढरीच्या वाटेवर डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन आळंदीपासून चालणाऱ्या म्हाताऱ्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. या बायकांच्या हाडांची घनता कोणी मोजलेली नाही. मोजली तर त्यांतल्या कित्येकींचा आकडा उणेच निघेल, आणि चालण्याची आणि ओझ्याची सवय असूनही अन्न तोकडे पडले की हाड झिजतेच; तेव्हा यात्रा हा काही औषधाला पर्याय नव्हे. पण त्या आपली हाडे सांभाळायला निघाल्या नव्हत्या. त्यांना कोठेतरी पोहोचायचे होते, आणि जाताना कोणासाठी तरी काही न्यायचे होते. बाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. त्या दिवसापासून तिने पावले मोजणे सोडून दिले. वहीतली नावे आठवीत ती चालू लागली.

आपल्याकडे अस्थींच्या दानाची एकच कथा सर्वांना ठाऊक आहे. वृत्राला मारण्यासाठी देवांना वज्र हवे होते, दधीची ऋषींनी देह ठेवला आणि आपली हाडे दिली. ते दान एकदाच झाले, सर्व देवांच्या समक्ष झाले, आणि त्याचे पुराण झाले. घागरीखाली, भट्टीवरच्या स्वयंपाकात, पाळण्याशेजारी जी हाडे कणाकणाने दिली जातात त्यांचे पुराण होत नाही. त्यांचा एक वाक्प्रचार होतो, आणि तोही गुळगुळीत. दधीचींच्या दानानंतर त्यांच्यापाशी द्यायला काही उरले नाही. या बाईपाशी जे थोडे उरले होते ते राखून ठेवण्याचा मार्ग तिने शोधला, आणि तो मार्ग पुन्हा देण्याचाच निघाला.

तिसऱ्या आठवड्यात जे व्हायला नको होते ते थोडक्यात टळले. ट्रामच्या रुळाच्या खाचेत चपलेची टाच अडकली आणि बाई पुढे झुकली. ऑक्टोबरपासून ओट्यापाशी उभे राहून कमावलेला तोल तेव्हा कामी आला. दुसरा पाय आपोआप पुढे पडला आणि पथारीवाल्या दोन मुलांनी दंड धरले. ती पडली नाही. पण घरी हे कळले आणि चार दिवस जिना बंद झाला. पाचव्या दिवशी मुलाने स्वतः नव्या, मागे पट्टा असलेल्या चपला आणून दिल्या आणि काही न बोलता तिच्याबरोबर एस्प्लनेडपर्यंत गेला.

महिना संपला तेव्हा एकतीस दिवसांतल्या सत्तावीस फेऱ्या झाल्या होत्या : ९१.८ किलोमीटर. वहीतल्या सर्वांनी पुरे शंभरांचे पैसे दिले. आठ किलोमीटर आणि दोनशे मीटरांवरून कोणी घासाघीस करावी, असे ते हिशेब नव्हते. मोठी रक्कम काही जमली नाही. चार वॉकर आले आणि काही काठ्या आल्या. वहीवर सर्वांनी समाप्तीची रेघ ओढली. बाईने मात्र फेब्रुवारीच्या पहिल्या तीन दिवसांत, कोणाला न सांगता, उरलेल्या तीन फेऱ्या पुऱ्या केल्या. घेतलेल्या पैशाइतके चालणे व्हायला हवे, असे तिचे म्हणणे. सोन्याची घट-तूट गुंजेपर्यंत मोजणाऱ्या घरात अठ्ठेचाळीस वर्षे काढलेल्या बाईला हिशेब अपुरा ठेवता येत नव्हता.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सियालदह ते एस्प्लनेड हा मेट्रोचा टप्पा सुरू झाला आणि बऊबाजारच्या पोटातून गाड्या धावू लागल्या. वरच्या गल्ल्यांत कोठे कोठे अजून टेकू लावलेल्या भिंती आहेत. त्यांतल्याच एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, एक वृद्धा सकाळी दहाच्या सुमाराला वॉकर खडखडवीत सज्जापर्यंत येते आणि खालून जाणाऱ्या बाईला हाक मारते. बाई वर पाहते, आज किती पावले झाली ते विचारते. उत्तर कधी वीस असते, कधी तीस. ते ऐकून घेऊन ती धर्मतल्याच्या दिशेने चालू लागते.